शीर दिसली, म्हणजे सापडली?
(लकडगंज, नागपूर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, आज घरी गेल्यावर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसणार नाही, पण बहुतेक मोबाइलच्या स्क्रीनवर रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकेल. तो अवरक्त प्रकाश. १८०० साली विल्यम हर्शेलनं सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले, लाल पट्ट्याच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला, आणि तिथंही पारा चढला. हाच प्रकाश आता लेकरांच्या शिरा शोधायला वापरतात.

शोधाव्या का लागतात, ते नागपूरकरांना सांगायला नको. मे महिन्यात जुलाब-उलट्यांनी सुकलेलं आठ महिन्यांचं बाळ येतं. हात गुबगुबीत, चरबीखाली शीर दिसत नाही. अंगातलं पाणी गेल्यामुळे जी आहे तीही चपटी झालेली. सिस्टर मनगट किंचित वाकवून धरते, बोटाच्या पेरानं चाचपते, पिवळ्या टोपणाची २४ नंबरची सुई हातात तयार. तान्ह्या बाळाच्या तळहाताखाली टॉर्च धरून शीर पाहण्याची युक्ती तर जुनीच. शीर फुटली की तिथं सूज, मग दुसरा हात, मग पाय. आई तोवर बाहेर उभी.

शिरा दाखवणाऱ्या यंत्राचं काम सोपं आहे. जवळच्या अवरक्त पट्ट्यातला, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश कातडीतून बराच आत जातो. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषतं, आजूबाजूचं मांस परत फेकतं. म्हणून कॅमेऱ्याला शीर काळी दिसते. यंत्र तेच चित्र लाल किंवा हिरव्या उजेडात पुन्हा त्याच हातावर टाकतं. या प्रकाशात त्वचेच्या काळेपणाचा अडथळाही कमी होतो; आपल्याकडच्या सावळ्या लेकरांसाठी ही जमेची बाजू.

मग प्रश्न मिटला? नाही. २०१३ साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या डॉक्टरांनी अशा तीन यंत्रांची मुलांवर पद्धतशीर चाचणी छापली. शिरा बहुतेकांच्या दिसल्या, पण पहिल्याच टोच्यात सुई लागण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. मला यात नवल वाटत नाही. चित्र सपाट असतं. शीर कुठं आहे ते कळतं. किती खोल, किती लवचिक, सुईखालून सरकेल का, हे कळत नाही. तुमच्या आरामशीनवरच्या मिस्त्रीला ओंडक्यावरची रेघ दिसते, पण आतली गाठ करवत लागल्यावरच समजते. शिवाय सेंटीमीटरभराच्या खाली हे यंत्र जवळपास आंधळंच. तिथं सोनोग्राफी लागते.

म्हणून सरसकट प्रत्येक लेकरावर यंत्र रोखण्यात अर्थ नाही. कोणावर रोखायचं, हे आधी ओळखता येतं. २००८ साली अमेरिकेत एक साधी गुणपद्धत मांडली गेली: पट्टा बांधल्यावर शीर दिसते का, हाताला लागते का, वय किती, मूल अपुऱ्या दिवसांचं होतं का. चार किंवा जास्त गुण आले, तर पहिला टोचा वाया जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. खरी गरज या मुलांना.

आणि विदर्भात सिकलसेलच्या मुलांना. नागपुरातल्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली, म्हणजे हा आजार इथं नवा नाही. या मुलांना वारंवार सलाईन, कधी रक्त. त्याच त्या शिरा टोचून टोचून कडक होतात. यंत्र घ्यायचं असेल, तर ते आधी अशा मुलांच्या वॉर्डात ठेवा, आणि वापरणाऱ्या सिस्टरला सरावाला वेळ द्या. आपल्याकडे यंत्राला पैसे निघतात, सरावाला वेळ निघत नाही!

आईवडिलांना मात्र यंत्राशिवायही एक गोष्ट करता येते. मागच्या वेळी कुठली शीर मिळाली, कुठली फुटली, ते मुलाच्या फाइलवर लिहून ठेवा आणि सिस्टरनं पट्टा बांधायच्या आधीच सांगा. दोन टोचे फुकट गेले की ‘आता मोठ्या सिस्टरला बोलवा’ म्हणायला संकोच करू नका. डॉक्टर रागावत नाहीत. रागावलेच, तरी बोलवा.