आधी पैसे, मग उजेड, वर पुरावा द्या

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मीटर आणि पावत्या हा काय चळवळीचा विषय झाला का, असं जिना चढताना एकजण म्हणाला. मी म्हणतो, झाला. जात सिद्ध करा, घर सिद्ध करा, गरिबी सिद्ध करा, हे ज्याला जन्मभर ऐकावं लागतं, त्याच्यासाठी पुरावा कुणाच्या हातात आहे हा साधा प्रश्न नाही. राजकारणाचा प्रश्न आहे.

मी लंडनच्या पूर्व भागातल्या एका सल्लाकेंद्रात काम करतो. कर्जात बुडालेली माणसं येतात, त्यांचे कागद लावून द्यायचे. गोऱ्यांच्या देशात सगळं कसं शिस्तीत चालतं, असं आपल्याकडे बोलतात. चालतं ना! पण ती शिस्त कुणाच्या मानेवर बसलेली असते, ते तिथल्या गरिबाच्या मीटरपाशी उभं राहिल्यावर कळतं.

ब्रिटनमध्ये सुमारे 40 लाख घरांत प्रीपेड मीटर आहेत. विजेला चावी, गॅसला कार्ड. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, पाच-दहा पौंड भरायचे, घरी येऊन चावी मीटरात घालायची. नवा मीटर असेल तर हेच काम मोबाईलवरून. पैसे संपले की मीटर थोडी उधारी देतो. तीही संपली की अंधार. इथे तार कापायला कुणी येत नाही. तुमच्या खिशात पैसे नाहीत म्हणून तुमचा तुम्हीच अंधार केला, असा हिशेब. कंपनीने जोडणी तोडली अशी नोंदसुद्धा होत नाही. सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने हिशेब काढला होता : 2022 या एका वर्षात परवडत नाही म्हणून 32 लाख माणसांचा मीटर रिकामा झाला. म्हणजे दर दहा सेकंदाला एक माणूस!

शिवाय मीटर बंद असला तरी स्थिर आकार चढतच राहतो. जुनी थकबाकी असेल तर तिचा हप्ता मीटरच कापून घेतो. दहा पौंड भरले म्हणजे दहा पौंडाचा उजेड मिळत नाही. सावकार पेटीत घालून भिंतीला ठोकलाय, दुसरं काय!

हा मीटर पडतो कुणाच्या गळ्यात? बिल थकलेल्याच्या. भाड्याच्या खोलीत आधीच बसवलेला असतो, तो भाडेकरूच्या. फेब्रुवारी 2023 मध्ये 'द टाइम्स'च्या बातमीदाराने उघड केलं की एका बड्या कंपनीसाठी वसुली करणारी माणसं कोर्टाचं वॉरंट घेऊन आजारी, अपंग, लेकुरवाळ्या घरांची कुलुपं उघडून हे मीटर बसवत होती. बोंब झाली तेव्हा जबरदस्ती थांबवली, त्याच वर्षी नियम कडक झाले. आणि दर? बँकेतून दरमहा परस्पर पैसे जाणाऱ्यापेक्षा आधी रोख मोजणाऱ्याला वीज महाग पडायची. हा फरक जुलै 2023 मध्ये काढला. तोवर जो आधी पैसे देतो तोच जास्त देत होता!

आता मुद्द्यावर येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2009 पासून डेट रिलीफ ऑर्डर म्हणून कर्जमुक्तीचा एक हुकूम आहे. कर्ज 50,000 पौंडांच्या आत, मालमत्ता नावापुरती, आणि घरखर्च भागवून महिन्याला 75 पौंडांपेक्षा जास्त उरत नसेल, तर एक वर्ष धनको अंगावर येऊ शकत नाहीत आणि वर्षानंतर बहुतेक कर्ज रद्द होतं. चांगला कायदा आहे. पूर्वी त्यालाही 90 पौंड फी होती. कफल्लकाकडून कफल्लक ठरवायची फी! एप्रिल 2024 मध्ये ती गेली.

पण किती उरतं, हे कागदावर दाखवावं लागतं. ज्याचं बिल महिन्याला येतं तो बिल टेबलावर ठेवतो, काम झालं. प्रीपेडवाला काय ठेवणार? दुकानदाराच्या पावत्या कोटाच्या खिशात चुरगळलेल्या, निम्म्या फेकलेल्या, उरलेल्यांची शाई उडालेली. ज्याने सगळे पैसे आगाऊ मोजले त्याच्याकडेच मोजल्याचा पुरावा नाही. उधारीवर वीज वापरणाऱ्याकडे मात्र छापील, नावापत्त्याचा कागद. बघा गंमत!

एका बाईंची गोष्ट सांगतो. ऑफिसं झाडण्याचं काम, दोन मुलं. मीटरला आठवड्याला 30 पौंड. कुणीतरी घाईत त्याला चारने गुणलं, महिन्याचे 120 लिहिले. हातात उरतात 82 पौंड. म्हणजे अर्ज बाद. पण महिना काय चार आठवड्यांचा असतो? वर्षाचे आठवडे 52. तीसला 52 ने गुणा, बाराने भागा. महिन्याचे 130 होतात. मग उरतात 72. अर्ज बसला! वर्षाच्या चार आठवड्यांचा उजेड हिशेबातून गळाला असता, तर त्या बाई आयुष्यभर हप्ते भरत बसल्या असत्या. दहा पौंडांचा फरक, मित्रांनो.

पुरावा आम्ही कसा उभा केला? कंपनीकडून वर्षभरात मीटरला केव्हा किती भरले त्याचा उतारा मागवला, कारण चावीत भरलेला प्रत्येक पौंड कंपनीच्या दप्तरी असतो. बँकेच्या उताऱ्यातल्या दुकानाच्या नोंदी काढल्या. उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही धरले. नुसता जुलै बघितला तर कुणीही म्हणेल, बाई मजेत आहेत.

तरी एक गोष्ट उरलीच. त्या 30 भरत होत्या, कारण एकतिसावा पौंड नव्हता. हिवाळ्यात रात्री हीटर बंद, मुलं कोट घालून झोपायची. उताऱ्यात हे कुठे दिसतं? तिथे फक्त दिसतं : खर्च कमी. खर्च कमी म्हणजे गरज कमी, गरज कमी म्हणजे हप्ता जास्त भरू शकते! उपाशी माणसाला म्हणायचं, तुझा जेवणाचा खर्च फार नाही, तेव्हा तुझं बरं चाललंय. ही लबाडी आपल्याला नवी आहे का? आपल्या आजोबांनी किती कमीत भागवलं, त्यावरूनच त्यांना कितीत भागतं हे ठरवलं गेलं. म्हणून अर्जासोबत मी अंधाराच्या रात्रीही लिहून घेतो. तारीख, किती तास, घरात कोण होतं. खर्च म्हणजे गरज नव्हे, हे कागदावर आलंच पाहिजे.

लंडनची रडगाणी आम्हाला कशाला, असं कुणी म्हणेल. तर ऐका. केंद्राच्या 2020 च्या वीजग्राहक नियमांत नव्या जोडणीला स्मार्ट प्रीपेड मीटर हाच पाया धरला. 2021 च्या योजनेत 25 कोटी मीटरांचं लक्ष्य ठेवलं. बिहारमध्ये लाखो घरांत ते बसले. महाराष्ट्रात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा जून 2024 मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं की सामान्य ग्राहकाला प्रीपेड मीटर लावणार नाही. ही घोषणा कुणी प्रेमाने केलेली नाही. लोकांच्या धाकाने झालेली घोषणा धाक संपला की विरते.

आणि आपल्या वस्तीत लाईटबिल म्हणजे नुसतं बिल असतं का? झोपडी 1 जानेवारी 2000 च्या आधीची आहे, हे एसआरएच्या बाबूला पटवायला ते चालतं. म्हातारीने ट्रंकेत, पातळाच्या घडीत वीस-वीस वर्षांची बिलं जपलेली असतात. उद्या बिलाच्या जागी मोबाईलवर मेसेज आला आणि तो मोबाईल हरवला, तर त्या घरात माणसं राहत होती हे कोण सांगणार?

1875 साली पुणे जिल्ह्यात सुप्याला कुणब्यांनी सावकारांची खतं आणि वह्या जाळल्या. त्यानंतर 1879 च्या कायद्याने शेतकऱ्याला सावकाराकडून पावती आणि वर्षाचा हिशेब मागायचा हक्क दिला. पैसे देणाऱ्याला कागद मिळालाच पाहिजे, हे तेव्हाच्या गोऱ्या सरकारलाही कबूल करावं लागलं. आज आपण त्याहून कमी का मागायचं?

आपण मागायचं ते असं. मीटर कुठलाही असो, दर महिन्याला नावापत्त्यासह छापील मराठी हिशेब, फुकट. पैसे संपले म्हणून रात्री आणि आजारी माणूस असलेल्या घरात अंधार नाही. थकबाकीची वसुली मीटरमधून नाही.

आणि आपण करायचं ते असं. प्रत्येक वस्तीत एक वही ठेवा. तारीख, किती भरले, किती दिवस पुरले, किती तास अंधार. पावतीची शाई उडते, तेव्हा त्याच दिवशी झेरॉक्स काढा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या घरी जाऊन लिहून द्या. कर्जवसुलीवाला दारात आला की पोराने ती वही घेऊन आईच्या शेजारी उभं राहायचं.

भाषणं देणारे पुष्कळ आहेत. वही ठेवणारे हवेत. आज जाताना इथे नावं देऊन जा.

जयभीम.