हायलुरोनन : प्रश्न साखळीच्या लांबीचा

हायलुरोनिक आम्ल हे नाव क्रीम आणि सीरमच्या जाहिरातींमुळे घरोघर पोहोचले असले, तरी या पदार्थाचे, म्हणजेच हायलुरोननचे, शरीरातील काम ज्यावर ठरते ती त्याच्या रेणूची लांबी मात्र श्रोत्यांच्या कानी क्वचितच पडते; म्हणून या भाषणाचा सारा भर त्या लांबीवरच आहे.

कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गाईच्या डोळ्यातील पारदर्शक, जेलीसारख्या द्रवातून हा पदार्थ प्रथम वेगळा केला. दोन शर्करा आळीपाळीने गुंफून त्याची साखळी बनते आणि अशा जोड्या २५,००० पर्यंत असू शकतात. अखंड शेवया शिजताना फुगतात, एकमेकींत गुंततात आणि दूध धरून ठेवतात, तर शेवयांचा चुरा तळाशी बसतो; त्याचप्रमाणे लांब साखळ्या पाणी अडवून त्वचेला ओलावा देतात आणि सांध्यातील द्रवाला दाटपणा आणतात, इतकेच नव्हे तर गुडघ्याची हालचाल जलद होताच त्या द्रवाचा चिकटपणा उतरून त्याची लवचीकता वाढते. मात्र शेवया उन्हाळ्यात करून वर्षभर डब्यात ठेवता येतात, शरीराला अशी बेगमी करता येत नाही. सत्तर किलो वजनाच्या माणसात सुमारे १५ ग्रॅम हायलुरोनन असतो आणि त्यातला जवळपास एक-तृतीयांश रोज मोडून नव्याने घडवला जातो.

आता चुऱ्याविषयी. इजा किंवा दाह झाला की विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, या साखळ्या तोडतात आणि लांब साखळी ज्या दाहाला आवर घालते, तोच दाह हे तुकडे रोगप्रतिकारक पेशींना चेतवून वाढवू शकतात. शर्करा त्याच, नाव तेच, काम मात्र उलट. हा मुद्दा निसटू नये म्हणून पुन्हा सांगणे भाग आहे की फरक लांबीचा आहे.

उपयोगांपैकी निर्विवाद उपयोग मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतला. एंड्रे बालाझ यांच्या संशोधनातून कोंबड्याच्या तुऱ्यापासून शुद्ध केलेला दीर्घ हायलुरोनन १९८० च्या सुमारास नेत्रशल्यचिकित्सेत आला. तो डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात भरला की कप्पा मिटत नाही आणि बुबुळावरील पारदर्शक पटलाच्या आतल्या, एकदा गेल्या की सहसा भरून न येणाऱ्या पेशी उपकरणांच्या घासण्यापासून वाचतात. गुडघ्यातील इंजेक्शनांचे निष्कर्ष मात्र संमिश्र असून सरासरी लाभ थोडाच दिसतो. क्रीममधील मोठे रेणू त्वचेच्या पृष्ठभागावर ओल धरतात, खोलवर जाऊन तारुण्य परत आणत नाहीत. सुरकुत्या भरण्याचे इंजेक्शन चुकून रोहिणीत गेल्यास दृष्टीही जाऊ शकते, त्यामुळे ते ब्यूटी पार्लरमध्ये टोचून घेण्याचा अविचार कोणीही करू नये.

नेकेड मोल रॅट या उंदरासारख्या प्राण्यात अतिदीर्घ हायलुरोनन आढळतो आणि कर्करोगाला त्याच्या प्रतिकाराशी त्याचा संबंध असल्याचे २०१३ मध्ये दाखवले गेले. उलट माणसातील काही अर्बुदांभोवती हायलुरोननच साचलेला दिसतो, पण त्या कोड्याची उकल या मिनिटांत मावणारी नाही. तूर्त एवढे पुरे की बाटलीवरील नाव वाचून भुलण्याआधी रेणू किती लांब आणि तो कोठे पोहोचणार, हे विचारण्याची सवय ग्राहकाने लावून घ्यावी.