बिननावाचं बटन

मला दिसत नाही. तरी मीरा रोडच्या घरी मी इंटरनेटवर मराठी कविता वाचतो. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली सुरू केलेला एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. ‘एच’ दाबलं की पुढचं शीर्षक, ‘के’ दाबलं की पुढची लिंक. त्याला जोडायचे काही ॲड-ऑन चित्रात काय आहे याचा अंदाजही सांगतात. पण बटनाला नावच दिलेलं नसेल, तर नुसतं ‘बटन, बटन’ ऐकू येतं. जुन्या फॉन्टमधली कविता तर इंग्रजी अक्षरांचा गोंगाट होते. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तेव्हा पानं बनवणाऱ्यांनो, बटनांना नावं द्या, मराठी युनिकोडमध्ये लिहा. कविता दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागू नये.