भाकरी आणि कालवण



नाशिकरोडजवळच्या एकलहरे वीजवसाहतीत भरलेल्या या आहारतज्ज्ञांच्या परिषदेत मी अध्यक्ष म्हणून बोलत आहे.  आपल्या क्षेत्रातील कामाचा आढावा अध्यक्षाने घ्यावा, अशी प्रथा आहे. तो निबंधांच्या सत्रांत होईलच. माझा वेळ मी एकाच गोष्टीसाठी वापरणार आहे, कारण ती बोलायची अनेक वर्षे राहून गेली. आरोग्याला शाकाहार चांगला की मांसाहार, या प्रश्नाने महाराष्ट्राच्या आहारचर्चेचे मोठे नुकसान केले आहे. तो प्रश्न आपण आहारतज्ज्ञांनी दुसऱ्यांच्या हातून घेतला, त्याची उत्तरे शोधत बसलो, आणि त्या गडबडीत ताटाकडे नीट पाहायचे राहिले.

आधी ताटाकडेच पाहू. २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील सुमारे साठ टक्के लोक मांसाहारी आहेत. पण या शब्दाचा अर्थ काय? आठवड्यातून एखादा वार, त्यातही श्रावण, एकादशी, चतुर्थी, नवरात्र वगळून. बाजाराच्या दिवशी आणलेली सुकट किंवा बोंबील, आणि पाहुणे आले तर कोंबडीचा रस्सा, ज्यात फोडी मोजक्या आणि रस्सा भरपूर. उरलेले दिवस शाकाहारी शेजाऱ्याच्या आणि या घराच्या ताटात फरक नसतो. दोन्हीकडे भाकरी, चपाती नाही तर भात पोटभर, आणि शेजारी पातळ वरण किंवा पातळ कालवण. आता याच्याशेजारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे, म्हणजे २०१९ ते २०२१ चे, आकडे ठेवा. राज्यात सहा ते एकोणसाठ महिन्यांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आहेत. आधीच्या फेरीत हा आकडा ५३.८ होता. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. शाकाहारी घरांतले प्रत्येक मूल रक्तक्षयी आहे असे क्षणभर धरले, तरी तो आकडा चाळीसच्या आसपास थांबेल. उरलेली जवळपास तीस टक्के मुले मांसाहारी म्हणवणाऱ्या घरांतलीच असणार. दोन पाहण्या वेगळ्या, वर्षे वेगळी, म्हणून हे गणित ढोबळ आहे. पण त्याचा निष्कर्ष हलत नाही. मांसाहारी हा शिक्का रक्तक्षयापासून वाचवत नाही आणि शाकाहारी हा शिक्काही वाचवत नाही.

मग आजार कुठे आहे? माझ्या मते तो भाकरी आणि कालवण यांच्या प्रमाणात आहे. कालवण मटणाचे की मटकीचे, हा त्यानंतरचा प्रश्न. भारतीय माणूस आपली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून मिळवतो, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह अभ्यासातून दिसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपुढे जाऊ नये, असे सांगितले आहे. या गावात हे समजावून सांगायला फार कष्ट नकोत. इथल्या वीजकेंद्राच्या बॉयलरमध्ये कोळसा किती टन गेला एवढे मोजून काम भागत नाही. त्यात राख किती, हेही पाहावे लागते. आपण मात्र माणसाच्या ताटातले टनच मोजत आलो. यात आपल्या थोर पूर्वसूरींचा एक विचार अर्धवट उचलला गेला. मूळचे सातारा जिल्ह्यातील डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी जागतिक अन्न व कृषी संघटनेत काम करताना ठामपणे मांडले की, आपल्याकडची प्रथिनांची उणीव बहुतांशी कमी खाण्याची उणीव आहे. धान्य आणि डाळ पोटभर मिळाली तर प्रथिने पुरतात. प्रथिनांच्या पुरवणी पावडरी विकणाऱ्यांच्या काळात हे सांगायला धैर्य लागले, आणि ते बरोबरही होते. पण त्यांच्या वाक्यातली डाळ गळाली आणि धान्य तेवढे उरले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य हक्काचे केले. हे मोठे काम आहे, त्याने भूक मागे हटली. पण त्या कायद्याच्या हक्कात भाकरी आली, कालवण आले नाही. ते ज्याचे त्याने पाहायचे, आणि डाळीचा भाव ज्याला परवडत नाही त्याने ते पातळ करायचे.

यावर शाकाहाराचे समर्थक म्हणतील की, जगभरचे संशोधन तर मांसाविरुद्ध आहे. ते संशोधन खरे आहे, आणि ते पूर्ण वाचले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक आणि लाल मांस बहुधा कर्करोगकारक ठरवले. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा अंदाज आहे. ब्रिटनमधील सुमारे ४८ हजार लोकांचा अठरा वर्षे मागोवा घेणाऱ्या ऑक्सफर्डच्या अभ्यासात शाकाहाऱ्यांना हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी आढळला. पण त्याच अभ्यासात, त्याच शाकाहाऱ्यांत पक्षाघात २० टक्क्यांनी जास्त आढळला. पहिला आकडा भिंतीवर लावायचा आणि दुसरा कपाटात ठेवायचा, हे शास्त्र नव्हे. शिवाय तुलना कोणाशी आहे तेही पाहा. ब्रिटनमधला शाकाहारी बहुधा विचारपूर्वक शाकाहारी झालेला असतो. तो कडधान्ये, फळे, भाज्या शोधून खातो. आपला शाकाहारी शाकाहारी जन्मतो, आणि साबुदाणा, बटाटा, मैदा, साखर हे सगळे शाकाहारीच असते. तिथला मांसाहारी जेवढे मांस खातो, तेवढे पेठ-सुरगाण्यासारख्या आदिवासी भागातल्या कुटुंबाला मिळत नाही. तिथल्या अतिरेकावरचा इशारा इथल्या अभावाला लावता येत नाही. आपल्या शहरांत सॉसेज आणि तयार कबाबांची पाकिटे घरोघर येऊ लागली आहेत, त्यांना मात्र तो इशारा पूर्ण लागू आहे, आणि तो आपण स्पष्ट शब्दांत दिला पाहिजे.

दुसरीकडे मांसाहाराचे समर्थक विचारतील की, शाकाहारात काहीच उणे नाही का? आहे, आणि ते लपवणे हा आपल्या व्यवसायाचा दोष आहे. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यांतल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुषांची तपासणी केली, तेव्हा ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी निघाले. मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. शाकाहाऱ्यांत उणिवेचा धोका चौपटीहून जास्त होता. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांनी गर्भवतींचा जो अभ्यास सुरू केला, त्यात ज्या मातांत फोलेट हे दुसरे ब-जीवनसत्त्व भरपूर आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत वयाच्या सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. मधुमेहाचे बी आईच्या ताटात पडते, याहून गंभीर गोष्ट कोणती? पण हाच पुण्याचा पुरावा मांसाहाऱ्यांनाही गप्प करतो, कारण उणीव ६७ टक्क्यांत आहे, म्हणजे आठवड्याच्या रश्श्याने ती भरलेली नाही. आणि त्याच खेड्यांत बाळाच्या जन्मवेळच्या वाढीचा संबंध आईने खाल्लेल्या एकूण उष्मांकाशी किंवा प्रथिनांशी लागला नाही. तो लागला दूध, पालेभाज्या आणि फळे यांच्याशी.

म्हणजे उपाय दोन्ही ताटांत आहेत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाजी, फळे आणि दूध यांचा रोजचा खाऊ दिला गेला. खाऊ घेणाऱ्यांत गर्भारपणातला मधुमेह ७.३ टक्के होता, इतरांत १२.४ टक्के. या खाऊत मांसाचा कणही नव्हता. महाराष्ट्रातल्या निवासी शाळांत लोहसमृद्ध बाजरीची भाकरी आणि शेव सहा महिने दिल्यावर बारा ते सोळा वर्षांच्या मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा सुधारला. या जातीचे बियाणे आज आपल्या शेतकऱ्यांना उपलब्ध आहे. मटकीला मोड आणले, वर लिंबू पिळले आणि जेवणावर लगेच चहा घेतला नाही, तर त्याच ताटातले लोह अधिक अंगी लागते. त्याचबरोबर अंडे, सुकट, जवळा, ओढ्याचा खेकडा यांतली थोडीशी मात्राही मुलाला जे देते, ते देण्यासाठी धान्याचा डोंगर अपुरा पडतो. नागली आणि खेकड्यावर वाढलेल्या आदिवासी घराला त्याचे अन्न हलके आहे असे सांगणाऱ्याने आहारशास्त्र वाचलेले नाही.

आता मी माझ्या मुख्य दुःखाकडे येते. महाराष्ट्राने २०१५ पासून आदिवासी भागात अमृत आहार योजना सुरू केली आणि पुढे अंगणवाडीतल्या मुलांना अंडी दिली. अंडी न खाणाऱ्यांना केळी. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या माध्यान्ह भोजनातही आठवड्यातून एक अंडे आले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा स्वतंत्र निधी थांबला आणि ते लोकवर्गणीवर सोडले गेले. या सगळ्या काळात अंड्याच्या बाजूने आणि विरुद्ध मोठमोठ्याने बोलले गेले. आपण आहारतज्ज्ञ मात्र दबकत बोललो, कारण प्रश्न श्रद्धेचा झाला होता. आपण उठून एवढे तरी सांगायला हवे होते की, एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने आणि ब-१२ असते, तर केळ्यात प्रथिने ग्रॅमभर आणि ब-१२ मुळीच नाही. अंड्याला केळे हा तोलामोलाचा पर्याय नाही. शाकाहारी मुलाच्या हातात केळे देऊन आपण त्याच्या श्रद्धेचा मान राखला आणि पोषणाचा राखला नाही. त्याला दूध आणि शेंगदाण्याची चिक्की मिळायला हवी होती. अन्याय दोन्ही मुलांवर झाला. कोणी म्हणेल, अंड्याचे पुरावे तरी निर्विवाद आहेत का? नाहीत. इक्वेडोरमध्ये रोजच्या अंड्याने तान्ह्या मुलांचे खुजेपण जवळपास निम्मे झाले, तर मलावीत तसा परिणाम दिसला नाही. पण मलावीतली ती मुले सरोवराकाठची होती आणि आधीपासून मासे खात होती. ज्याच्या ताटात कालवण आहे त्याला अंड्याने फार मिळत नाही. ज्याच्या ताटात नाही त्याला खूप मिळते. आपली मुले कोणत्या गटात आहेत, हे त्याच कुटुंब आरोग्य पाहणीतला, राज्यातल्या मुलांच्या ३५.२ टक्के खुजेपणाचा आकडा सांगतो.

अहिंसेचा विचार मी हलका मानत नाही. तुळशीची माळ घालून वशाट सोडणाऱ्या माळकऱ्याने आपल्या गावांना व्यसनापासून दूर राहण्याची शिस्त दिली, तिचे ऋण मोठे आहे. पण तो निर्णय विवेकाचा आहे आणि विवेकाला वैद्यकाच्या कुबड्यांची गरज नसते. जो जीवदयेने मांस सोडतो त्याने ते आरोग्यासाठी सोडले असे सांगू नये, आणि जो चवीने खातो त्याने ते औषध म्हणून खाल्ले असे सांगू नये. ताटाच्या न्यायाचा प्रश्न आणखी एक आहे, आणि त्यावर दोन्ही पक्ष मौन पाळतात. कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीनुसार देशात कधी ना कधी मांस, मासे खाणारे पुरुष ८३.४ टक्के आहेत, स्त्रिया ७०.६ टक्के. यात काही स्त्रियांची स्वतःची निवड असेल, उपवास असतील. पण शाकाहारी घरात दुधाचा पेला आणि मांसाहारी घरात रश्श्यातली फोड आधी कोणाकडे जाते, हे सर्वांना माहीत आहे. सर्वांत शेवटी जेवणारी बाई दोन्ही घरांत एकच आहे. तिच्या ताटात पातेल्याच्या तळाचा रस्सा येतो. तो कशाचा होता, याने तिचा रक्तक्षय बदलत नाही.

पुढच्या कामाविषयी थोडेच सांगते, कारण ते आपण मिळून ठरवायचे आहे. रेशनमध्ये डाळ आणि तेल कायमचे यावे, यासाठी परिषदेने पाठपुरावा करावा. शाळेत अंडे खाणाऱ्याला अंडे आणि न खाणाऱ्याला दूध, हे तत्त्व म्हणून मान्य व्हावे. ब-१२ च्या उणिवेवर शाकाहारी समाजांच्या संस्थांशी मोकळेपणाने बोलणे सुरू व्हावे. तिसऱ्या पाळीला जाणाऱ्या कामगाराच्या डब्याचा विचार कोणीतरी हाती घ्यावा. पण पहिले काम आपल्या कागदावरचे आहे. आपल्या प्रत्येक तपासणी तक्त्यावर वरच्या कोपऱ्यात एक चौकोन असतो: शाकाहारी की मांसाहारी. त्यावर खूण केली की आपल्याला वाटते, आहार समजला. तो चौकोन राहू द्या, पण त्याखाली तीन रकाने वाढवा. काल भाकरीबरोबर काय होते? किती होते? आणि घरात शेवटी कोण जेवले? हे तीन प्रश्न प्रत्येक रुग्णाला, प्रत्येक मातेला विचारले गेले, तर या अध्यक्षपदाचा मान मला मिळाला असे मी समजेन.