गोराईचा घुमट आणि मंडालेचा व्यापारी

भाईंदर पश्चिमेहून उत्तनचा रस्ता धरा. कोळीवाडे, चर्च मागे टाकत गोराईकडे वळलात की विपश्यना ध्यानाचा सोनेरी पॅगोडा दिसतो. उंची 325 फूट, आत 8,000 साधकांची जागा, मध्ये एकही खांब नाही. 2009 साली राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

यामागचे सत्यनारायण गोयंका 1924 साली म्यानमारमधल्या मंडालेत, सनातनी मारवाडी घरात जन्मले. व्यापार जोरात, पण अर्धशिशीनं जीव हैराण. 1955 साली रंगूनला ते विपश्यना शिकवणाऱ्या ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू म्हणजे पेशानं चक्क सरकारी महालेखापाल! नुसती डोकेदुखी घालवायची असेल तर येऊ नका, असं त्यांनी बजावलं. गोयंकांची धास्ती वेगळीच होती: बुद्धाच्या वाटेनं गेलो तर आपला धर्म सुटेल की काय? त्यांच्या ध्यानशिबिरात मात्र शील, समाधी, प्रज्ञा एवढंच होतं, आणि त्यातलं काहीच घरच्या संस्कारांच्या आड येत नव्हतं. पुढच्या कीर्तीपेक्षा मला हीच घालमेल मोलाची वाटते. संस्कार टाकून देणं सोपं, कवटाळून बसणं त्याहून सोपं. ते तपासून घ्यायला धीर लागतो.

1969 साली गोयंका भारतात आले आणि स्वतः विपश्यना शिकवू लागले. मुंबईत घेतलेल्या पहिल्याच शिबिरात त्यांचे आईवडील शिकायला बसले. मुलापुढे अशी मांडी घालणारे आईवडील विरळाच! या शिबिरांना आजही फी नाही. आधी शिकून गेलेल्यांच्या दानावर नव्यांचा खर्च भागतो.