किब्बुत्झमधील रात्र
बालसंगोपन ही समाजाची जबाबदारी, हा आपला जुना आग्रह. इस्रायलमधील किब्बुत्झांनी तो आचरणात आणला. अनेक ठिकाणी अर्भके रात्रीही बालगृहातच झोपत. १९९४ साली सागी व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा मुलांपैकी ४८ टक्के मुलांचा, तर रात्री घरी झोपणाऱ्यांपैकी ८० टक्के मुलांचा आईशी सुरक्षित अनुबंध आढळला. दिवसाचे सामुदायिक संगोपन दोहोंकडे सारखेच होते! फरक रात्रीचा होता. रडणाऱ्या मुलाकडे आईऐवजी पाळीने बदलणारी, अपरिचित स्त्री येई. किब्बुत्झांनी पुढे ती प्रथा सोडली. तेव्हा दोष सामुदायिकतेचा नव्हे, परकेपणाचा. म्हणूनच पाळणाघरे मागताना तेथील सेविकेला कायम नोकरी व पुरेसे वेतनही मागा. ओळखीचे हात टिकणे हा बालकाचाही हक्क आहे.