'झोल' म्हणण्याआधी

आज एका छोट्याशा शब्दाबद्दल बोलू : झोल.

शिवणकाम करणाऱ्या तायांना तो चांगला ठाऊक आहे. ब्लाउज नीट बसला नाही की आपण म्हणतो, पाठीला झोल आलाय. कपडे वाळत घालायची दोरी सैल झाली, की तिलाही झोल पडतो. त्यात लबाडी कुणाचीच नसते, फक्त ताणून घ्यायचं असतं. हल्लीच्या पोरांच्या बोलीत मात्र झोल म्हणजे गडबड, घोटाळा, फसवणूक.

म्हणूनच गटाच्या बैठकीत हा शब्द जपून वापरा. रक्कम जुळली नाही की एखादी पटकन म्हणते, "हिशेबात झोल आहे." तिला म्हणायचं असतं चूक, ऐकणारीला वाटतं चोरी. मग वही लिहिणारी दुसऱ्या दिवशी वही परत आणून देते, आणि गावात चर्चा होते ती वेगळीच.

त्यापेक्षा आधी फरक काढा. जमा झाले १२०० आणि लिहिले १०२०, तर फरक १८०. त्याला ९ ने पूर्ण भाग जातो. असा भाग गेला, की दोन आकडे उलटसुलट पडलेत का ते आधी बघा. मग सगळ्यांची पासबुकं आणि पावत्या ताडून पाहा.

एवढं करूनही पैसे सापडले नाहीत, तर गप्प बसू नका. बैठकीत सगळ्यांसमोर सरळ विचारा, "हे १८० रुपये कुठे गेले?"

चुकीला चूक म्हणा, चोरीला चोरी. झोल दोरीपुरताच राहू द्या.